मुलांचे कान, नाक, घसा : न दुखणारी दुखणी

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात कान-नाक-घसा विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वार्षिक मेळाव्यात हृदयरोग किंवा कर्करोग यांसारख्या विषयांना सहज स्थान मिळते. सर्दी, कानदुखी आणि टॉन्सिल यांना ते मिळत नाही, कारण ही दुखणी घरोघरची, ओळखीची. विश्वस्तांनी या वर्षी हा विषय निवडला याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक अनुभव वारंवार येतो. आईवडील मुलाला घेऊन येतात, मुख्य तक्रार सांगतात, तपासणी होते, औषधे लिहून होतात. मंडळी उठतात, दारापर्यंत जातात आणि तेथून वळून म्हणतात, ‘‘डॉक्टर, याचा एक कान जरा वाहतो, पण ते काय, लहानपणापासूनच आहे.’’ ज्या कारणासाठी ते आले होते ते बहुधा आठ दिवसांत आपोआप बरे होणारे असते. जे दारातून वळून सांगितले, तेच खरे दुखणे. आज मला प्रामुख्याने याविषयीच बोलायचे आहे. मुलांच्या कान-नाक-घशाच्या बाबतीत आपली भीती आणि खरा धोका यांची गाठ क्वचितच पडते. जे दुखते किंवा रक्त दाखवते त्याच्याकडे आपण धावतो. जे निमूटपणे नुकसान करते ते राहून जाते.

प्रथम भीतीचा विषय घेऊ. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मुलाचा घोळणा फुटला की सारे घर गोळा होते. कोणी डोक्यावर पाणी ओतते, कोणी कांदा हुंगवते, कोणी मान मागे टाकायला सांगते. नाकाच्या मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कोरड्या हवेने तेथील आवरण सुकते, खपली धरते, मुलाचे बोट नाकात जाते आणि रक्त येते. बहुतेक वेळा याहून अधिक काही घडलेले नसते. मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून, घड्याळ लावून, दहा मिनिटे सोडू नये. मान मागे टाकल्यास रक्त थांबत नाही, केवळ पोटात जाते आणि थोड्या वेळाने उलटीतून दिसून घाबरवते. कांद्याने अपाय होत नाही. परंतु कांदा शोधण्याच्या धांदलीत चिमटीचे काम राहून जाते. वीस मिनिटांतही रक्त थांबले नाही, अंगावर निळसर डाग दिसू लागले, किंवा वयात येणाऱ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येऊन ती चोंदलेली राहू लागली, तर मात्र दाखवलेच पाहिजे.

दुसरी भीती टॉन्सिलची. मागच्या पिढीत टॉन्सिल काढण्याचा एक रिवाजच होता. आजही अनेक पालक मुलाला ‘आ’ करायला लावून घशातील दोन गोळे पाहतात आणि ‘वाढलेत, काढून टाका’ असा निर्णय घेऊनच येतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांत टॉन्सिल मोठे असणे स्वाभाविक आहे. मोठेपणा हा आजार नव्हे. वारंवार घसा येतो म्हणून शस्त्रक्रिया करण्यासाठी जगभर साधारण एक मोजमाप मानले जाते : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा चांगला ताप येऊन टॉन्सिल सुजले असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्याहून कमी त्रास असेल तर थांबणे श्रेयस्कर, कारण वय वाढेल तसा त्रास बहुधा कमी होत जातो.

टॉन्सिलच्या संदर्भात जी गोष्ट खरोखर काळजीची आहे तिची काळजी कोणी करत नाही. खोकला-सर्दी नसताना आलेला तीव्र ताप, लालबुंद घसा आणि मानेत दुखऱ्या गाठी हे चित्र स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचे असू शकते. त्यासाठी डॉक्टरांनी दहा दिवसांचे प्रतिजैविक दिले असेल तर ते दहा दिवस द्यावे. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि बाटलीतील उरलेले औषध धाकट्या भावंडासाठी फळीवर ठेवले जाते. या जंतूच्या मागे राहिलेल्या परिणामातून संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा निकामी होतात. ऐन तारुण्यात झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे असे रुग्ण आपल्या देशात आजही आहेत.

टॉन्सिलना निदान नाव आहे. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी तशाच स्वरूपाची आणखी एक गाठ असते. तिला आम्ही अडेनॉइड म्हणतो. मराठीत तिला घरगुती नाव नाही, आणि मला वाटते म्हणूनच तिच्यावर कोणी आळ घेत नाही. ही गाठ पाच-सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठी असते आणि किशोरवयात आक्रसत जाते. ती प्रमाणाबाहेर वाढली की मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. झोपेत तोंड उघडे, उशीवर लाळ, मोठ्या माणसासारखे घोरणे, मध्येच काही क्षण श्वास थांबून दचकून कुशीवर वळणे, सकाळी चिडचिड, वर्गात पेंग, कधी मोठ्या वयात पुन्हा अंथरूण ओले होणे. घोरणाऱ्या मुलाला ‘किती गाढ झोपलाय’ असे कौतुकाने म्हटले जाते. ती गाढ झोप नसते. रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट असते. अशा मुलांत अडेनॉइड आणि टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया खरी उपयोगी पडते, आणि वारंवार घसा येण्यापेक्षा आज तिचे हेच कारण अधिक महत्त्वाचे मानले जाते.

या गाठीच्या अगदी शेजारी एका नळीचे तोंड उघडते, आणि येथून आपण कानाकडे वळतो. घशाचा वरचा भाग आणि कानाच्या पडद्यामागील पोकळी यांना जोडणारी ही नळी सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमिओ युस्टेकी यांच्या नावाने ओळखली जाते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि कानात ताजी हवा जाते. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि चांगली तिरपी असते. तान्ह्या बाळात तिची लांबी जवळजवळ निम्मी असून ती बरीचशी आडवी असते. त्यामुळे नाकातली सर्दी मुलाच्या कानात सहज पोचते. ‘सर्दी नाकाला आणि दुखतो कान’ याचे कोडे पालकांना पडते, त्याचे उत्तर या नळीत आहे. बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नये, डोके उंच धरावे, असे आम्ही सांगतो तेही याचसाठी. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर मुलांच्या कानाची दुखणी वाढतात, हेही पुरुषमंडळींनी ऐकून ठेवावे.

सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्यरात्री मूल कान धरून किंचाळते, तेव्हा पडद्यामागे जंतुसंसर्ग होऊन पू साठलेला असतो. वेदना भयंकर असतात, परंतु हे दुखणे प्रामाणिक आहे : ते ओरडून सांगते. वेदनाशामक औषधाने रात्र निभावते, सकाळी डॉक्टर पाहतात. प्रत्येक मुलाला प्रतिजैविक लागतेच असे नाही. दोन वर्षांवरील मुलाची लक्षणे सौम्य असतील तर दोन-तीन दिवस लक्ष ठेवून थांबता येते. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र विनाविलंब दाखवावे. कधी पडदा फुटून पू बाहेर येतो आणि वेदना एकदम थांबतात. असे भोक बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. ते भरून आले की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा यायचे असते. दुखणे थांबलेले असल्याने तेथेच पुष्कळांचे येणे खुंटते.

आता न दुखणाऱ्या कानाविषयी. वारंवार सर्दी किंवा वाढलेले अडेनॉइड यांमुळे ती नळी नीट उघडत नाही, पडद्यामागे हवा जात नाही आणि हळूहळू तेथे द्राव साठतो. कधी तो पाण्यासारखा, कधी डिंकासारखा चिकट असतो. ताप नाही, कान वाहत नाही, दुखतही नाही. केवळ ऐकू कमी येते. दोन्ही कानांत बोटे घालून कोणाचे बोलणे ऐकून पाहा, म्हणजे या मुलाचे जग कसे असते याची कल्पना येईल. त्यातही स, श, फ, थ यांसारखे हलके, हवेचे वर्ण प्रथम हरवतात, स्वर पोचतात. म्हणजे हाक ऐकू येते, पण वाक्य अर्धवट येते. म्हणूनच आई ठामपणे सांगते, ‘‘ऐकू सगळं येतं हो, पण लक्षच देत नाही.’’ शिक्षक म्हणतात, हा शेवटच्या बाकावर बसून स्वतःच्या तंद्रीत असतो. शुद्धलेखनात चुका, दूरदर्शन संचाचा आवाज मोठा, प्रत्येक प्रश्नाला ‘काय?’. सर्दी कमी झाली की काही दिवस ऐकू चांगले येते, मग पुन्हा कमी. त्यामुळे तर ‘नाटक करतो’ हा शिक्का पक्का होतो. मार बसतो. द्राव साठल्याबद्दल मार खाणारी मुले आमच्यासमोर येतात, तेव्हा औषध लिहिण्याआधी आम्ही पालकांना बाजूला घेऊन कानाचे चित्र काढून दाखवतो.

समाधानाची गोष्ट अशी की हा द्राव बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. तोवर घाईने शस्त्रक्रिया करू नये. मुलाला वर्गात पहिल्या बाकावर बसवावे, समोर येऊन, तोंड दिसेल असे बोलावे. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्राव असेल आणि श्रवण-तपासणीत कमतरता दिसत असेल, तर पडद्यात सूक्ष्म छेद घेऊन द्राव काढतात आणि ग्रोमेट नावाची, तांदळाच्या दाण्याहूनही लहान नळी बसवतात. १९५४ पासून ही पद्धत वापरात आहे. ती नळी बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते.

वाहणाऱ्या कानाविषयी मी अधिक कडक शब्दांत बोलणार आहे. कान वाहणे हे ‘आमच्या घरात असतंच’ असे नसते. एक दिवसही नसते. पडद्याचे भोक भरून आले नाही आणि कान आठवडेच्या आठवडे वाहू लागला की त्याचे दोन प्रकार संभवतात. एकात स्राव भरपूर, चिकट, सहसा दुर्गंधी नसलेला. हा ऐकू येणे कमी करतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. दुसऱ्यात स्राव अगदी थोडा, उशीवर एखादा डाग पडण्याइतका, पण कुजकट वासाचा असतो. थोडाच तर येतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. या प्रकारात पडद्यातून आत वाढलेली त्वचा हाड पोखरत जाते. कानाच्या वर मेंदू आहे, मागे मोठी रक्तवाहिनी आहे आणि मधून चेहऱ्याची नस जाते. वाहत्या कानाच्या मुलाचे डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तोंड वाकडे झाले, चक्कर येऊ लागली किंवा कानामागे सूज आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणि तेल. लसूण घालून उकळलेले तेल, कोमट खोबरेल, कसल्याशा पानांचा रस, हे सारे प्रेमानेच घातले जाते. बाळाला न्हाऊ घालताना टाळू भरावी तसा कानही भरला जातो. फाटलेल्या पडद्यातून ते आत जाते आणि जंतूंना घर मिळते. सुदृढ कानालाही त्याची गरज नाही. कानातला मळ हे कानाचे स्वतःचे संरक्षण आहे आणि तो बाहेर येण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. तेलाला मी एकच जागा देईन : चांगल्या कानात जिवंत किडा शिरून फडफडत असेल तर दोन थेंब तेलाने तो शांत होतो, मग डॉक्टर त्याला बाहेर काढतात.

पहिल्या प्रकारच्या वाहत्या कानाचा मुख्य उपचार खर्चिक नाही, चिकाटीचा आहे. कापसाची वात करून कान कोरडा टिपायचा, पुन्हा नवी वात घ्यायची, ती कोरडी निघेपर्यंत टिपायचे, आणि मग डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे. हे दिवसातून दोन-तीन वेळा, काही आठवडे. देवापुढच्या समईची वात वळता येणाऱ्या कोणत्याही आजीला हे काम आमच्या परिचारिकेइतके उत्तम जमते, असा आमचा अनुभव आहे. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून कानात बोळा ठेवावा. विहिरीत, नदीत पोहणे बंद. कान कोरडा झाल्यावर पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया योग्य वयात करता येते.

नाकातोंडात गेलेल्या वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त शेंबूड येत असेल तर आत खडूचा तुकडा, मणी किंवा चिंचोका आहे असेच समजून तपासणी करावी. खेळण्यातली किंवा घड्याळातली बटणासारखी बॅटरी नाकात वा अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतील आवरण भाजू लागते. तेव्हा ‘उद्या बघू’ नाही. शेंगदाणा खाताना लहान मूल ठसकले आणि नंतर शांत झाले, तरी पुढे खोकला किंवा छातीतून शीळ येत राहिली, तर तो ठसका डॉक्टरांना जरूर सांगावा. दाणा श्वासनलिकेत असू शकतो. चार वर्षांखालील मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये.

आता सर्वांत निमूट दुखण्याकडे येतो. जन्मणाऱ्या हजार बालकांमागे साधारण एक ते तीन बालके जन्मतःच लक्षणीय कमी ऐकतात. ते बाळ हसते, रडते, डोळ्यांनी मागोवा घेते. घरात शंका आलीच तर थाळी वाजवून पाहतात आणि बाळ दचकले की निर्धास्त होतात. थाळीचा आवाज इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकणारे बाळही दचकते; कधी ते आवाजाने नव्हे, तर हाताच्या हालचालीने वळते. पुढे दोन वर्षे झाली तरी मूल बोलत नाही, तेव्हा ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे वाक्य येते. या वाक्याने किती वर्षे खाल्ली आहेत याचा हिशेब मांडता येणार नाही. बोलणे हे ऐकण्यावर उभे असते, आणि भाषा पकडण्याची मेंदूची सर्वांत तल्लख वेळ पहिल्या तीन-चार वर्षांची असते.

वस्तुतः तपासणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून काही मिनिटांत अंतर्कर्णाचा प्रतिसाद पाहता येतो. सुई नाही, वेदना नाही. पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, असे वेळापत्रक जगभर मान्य आहे. अपुऱ्या दिवसांचे, अतिदक्षता विभागात राहिलेले, तीव्र काविळीचे, मेंदूज्वर होऊन गेलेले बाळ, किंवा ज्याच्या कुळात बहिरेपण आहे असे बाळ, यांची तपासणी कधीही चुकवू नये. मामे-आते भावंडांच्या विवाहातून झालेल्या अपत्यांनाही हे लागू आहे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. गरोदरपणात रुबेला झाल्यास बाळ बहिरे जन्मू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, तेव्हा अनेक शाळांत पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला होता. ती लस या बहिरेपणाविरुद्धही होती, हे त्यांना कोणी नीट सांगितले नसावे.

शासनाच्या पातळीवरही काम झाले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला आणि त्यात जन्मजात बहिरेपण व कानाचे संसर्ग यांची तपासणी समाविष्ट आहे. अंगणवाडीत, शाळेत हे पथक येते त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवू नका. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत केंद्राच्या योजनेतून गरजू बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. त्या योजनेला वयाची मर्यादा आहे, आणि उशिरा आलेल्या मुलाच्या पालकांना ते सांगणे हे आमच्या कामातील फार अवघड काम आहे.

शेवटी देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी घेतो. श्रवणयंत्रे वाटण्याचा कार्यक्रम सुंदर होतो. छायाचित्र निघते, बाळ प्रथमच आवाजाकडे वळते, सभागृहातील डोळे पाणावतात. त्या यंत्राचा कानात बसणारा भाग साच्यावरून बनवलेला असतो, आणि तान्ह्या बाळाचा कान झपाट्याने वाढतो. दोन-तीन महिन्यांत साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते, बाळ ते ओढून टाकते. शक्तिशाली यंत्राची बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. यंत्र घालूनही बोलणे आपोआप येत नाही. वाचा-प्रशिक्षणासाठी आठवड्यातून एकदा तरी, दोन-तीन वर्षे यावे लागते, आणि दर खेपेस आईचा एक रोज बुडतो, एस.टी.चे भाडे लागते ते वेगळेच. यांपैकी एक कडी तुटली की ते सुंदर यंत्र कपाटात, लग्नाच्या फोटोंच्या खाली, रुमालात गुंडाळून राहते.

यंत्र देणारे दाते मिळतात. साचा, बॅटरी आणि प्रवासभाडे देणारे फारसे मिळत नाहीत, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. म्हणून विश्वस्तांना विभागातर्फे विनंती केली आहे की देणगीपत्रकावर ‘साचे, बॅटरी व प्रवास’ असे स्वतंत्र खाते छापावे आणि त्याचा हिशेब अहवालात वेगळा द्यावा. आज आलेल्या पालकांसाठी, चहापानानंतर श्रवण-तपासणी कक्ष सायंकाळपर्यंत उघडा आहे. ज्याचा कान वाहतो त्याने संकोच न करता प्रथम यावे. लहान बाळांना तपासणीच्या वेळी झोप लागलेली असल्यास उत्तम. तेव्हा त्यांना येथे दूध पाजून घ्या, कक्षाशेजारी तशी सोय केलेली आहे.